दुहेरी सत्याचा आरोप आणि पॅरिसचे विद्यापीठ

एखाद्या शास्त्राची गृहीतके मान्य करून नियमानुसार काढलेला निष्कर्ष धर्मश्रद्धेच्या विरोधात गेला, तर त्या शास्त्राच्या अध्यापकाने तो उघडपणे मांडावा की नाही, आणि मांडला तर तो ‘खरा’ म्हणून मांडावा की केवळ ‘या गृहीतकांवरून निघणारा’ म्हणून, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या इतिहासात अनेक ठिकाणी उपस्थित झाला असला, तरी त्याला संस्थेच्या नियमांचा, शपथेचा आणि शिक्षेचा प्रश्न होण्याचे भाग्य, किंवा दुर्भाग्य, तेराव्या शतकातल्या पॅरिस विद्यापीठात लाभले. हा इतिहास पुष्कळदा ‘चर्च विरुद्ध विचारस्वातंत्र्य’ अशा सोप्या साच्यात सांगितला जातो. परंतु त्यातले वादी आणि प्रतिवादी दोघेही चर्चच्या छत्राखालचे होते, एकाच संस्थेचे सदस्य होते, आणि आपापल्या परीने दोघेही श्रद्धाळू होते. भांडण होते ते विद्येच्या दोन शाखांमधले, आणि ते नीट समजून घ्यायचे तर सिद्धांतांच्या आधी त्या संस्थेची घडण पाहावी लागते.

पॅरिसच्या विद्यापीठाला स्थापनेचा दिवस नाही. बाराव्या शतकात सेन नदीतल्या बेटावर नोत्र दाम कॅथेड्रलची शाळा होती, नदीच्या डाव्या तीरावर सँत-जनव्हिएव्ह आणि सँ-व्हिक्तोर या मठांच्या परिसरात आणखी शाळा होत्या, आणि पिएर आबेलार (१०७९–११४२) याच्यासारख्या अध्यापकांच्या कीर्तीने युरोपभरचे विद्यार्थी तेथे येऊ लागले होते. या विखुरलेल्या अध्यापकांनी त्या शतकाच्या अखेरीस व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या श्रेणीसारखी स्वतःची एक श्रेणी बांधली, आणि प्रवेश कोणाला द्यायचा, अभ्यास काय असावा, कोणाला ‘मास्टर’ म्हणायचे हे ती ठरवू लागली. नगराच्या शिपायांशी झालेल्या चकमकीत काही विद्यार्थी मारले गेल्यावर फिलिप ऑग्युस्त राजाने १२०० साली दिलेल्या सनदेने विद्यार्थ्यांना नगराच्या न्यायालयाऐवजी चर्चच्या न्यायालयाचे संरक्षण मिळाले. १२१५ साली पोपचा प्रतिनिधी रोबेर द कुर्साँ याने विद्यापीठाला पहिली नियमावली दिली. अध्यापनाचा परवाना देण्याचा अधिकार मात्र कॅथेड्रलच्या चॅन्सेलरकडे, म्हणजे बिशपच्या एका अधिकाऱ्याकडे राहिला, आणि पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक तंट्यांची बीजे या एका तरतुदीत सापडतात.

या श्रेणीच्या चार शाखा होत्या: कला, वैद्यक, चर्चचा कायदा आणि ईश्वरविद्या, म्हणजे बायबल व चर्चची शिकवण यांचा शास्त्रशुद्ध विचार करणारी विद्या. कलाशाखा ही सर्वांची पायरी होती. चौदा-पंधरा वर्षांचे मूल तिच्यात दाखल होई, आणि १२१५च्या नियमाप्रमाणे कलाशाखेत शिकवण्यासाठी किमान एकवीस वर्षे वय आणि सहा वर्षांचा अभ्यास लागे, तर ईश्वरविद्येत स्वतंत्रपणे शिकवायला पस्तिशी गाठावी लागे. मान ईश्वरविद्येचा, पण संख्या कलाशाखेची. तिचे अध्यापक फ्रेंच, पिकार्ड, नॉर्मन आणि इंग्रज अशा चार ‘राष्ट्रां’त, म्हणजे प्रांतवार गटांत विभागलेले होते, आणि या चार गटांनी निवडलेला रेक्टरच कालांतराने साऱ्या विद्यापीठाचा प्रमुख ठरला. दर्जाने खालच्या असलेल्या शाखेच्या हाती संघटनेची किल्ली असावी, ही रचना कोणी मुद्दाम आखलेली नव्हती. त्यामुळेच ती टिकली असावी.

या कलाशाखेत ॲरिस्टॉटल आला. त्याचे तर्कशास्त्र पूर्वीपासून शिकवले जात होते. नवे होते ते निसर्ग, आत्मा आणि सत्तेचे मूळ स्वरूप यांवरचे ग्रंथ, आणि त्यांच्याबरोबर आलेली अरबी भाष्ये, विशेषतः कॉर्दोबाचा न्यायाधीश व तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६–११९८) याची भाष्ये, ज्यांपैकी बरीच मायकेल स्कॉट याने लॅटिनमध्ये आणली. १२१० साली पॅरिसमध्ये भरलेल्या धर्मसभेने ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांचे अध्यापन बंद केले, आणि १२१५च्या नियमावलीने ती बंदी पुन्हा उच्चारली. १२२९ साली, पुन्हा एकदा दारूच्या गुत्त्यावरच्या मारामारीतून विद्यार्थ्यांचे बळी गेल्यावर अध्यापकांनी पाठ बंद केले आणि ते दोन वर्षे विखुरले, तेव्हा नव्याने निघालेल्या तुलूझच्या विद्यापीठाने पॅरिसमध्ये बंदी असलेले ग्रंथ आपल्याकडे ऐकायला मिळतील अशी जाहिरात केली. विद्यापीठांमधली विद्यार्थ्यांसाठीची चढाओढ ही आजची नव्हे. पोप नववा ग्रेगरी याने १२३१ साली दिलेल्या सनदेत, जिला विद्यापीठाची महासनद म्हणतात, अन्याय झाल्यास पाठ स्थगित करण्याचा अध्यापकांचा हक्क मान्य झाला, आणि ते ग्रंथ तपासून निर्दोष होईपर्यंत वापरू नयेत असेही बजावण्यात आले. तपासणीसाठी नेमलेल्या समितीचे काम कधी पुरे झाले नाही. बंदी रद्द झाली नाही, ती विरून गेली, आणि १९ मार्च १२५५ रोजी कलाशाखेने आपल्या अभ्यासक्रमात ॲरिस्टॉटलचे त्या वेळी उपलब्ध असलेले जवळजवळ सारे ग्रंथ लावले. या ठरावाने कलाशाखेचे स्वरूपच पालटले, कारण व्याकरण आणि तर्क शिकवणारी प्राथमिक शाखा आता जग कसे चालते याचे स्वतःपुरते पूर्ण उत्तर देणारी शाखा झाली, आणि त्या उत्तरात बायबलची गरज कोठेही पडत नव्हती.

ते उत्तर ज्या पद्धतीने शोधले जाई तीही लक्षात घेतली पाहिजे. ग्रंथाचे वाचन संपले की त्यातून ‘प्रश्न’ उपस्थित केला जाई. आधी विरुद्ध बाजूची कारणे, मग त्यांना अडवणारे एखादे प्रमाणवचन, मग अध्यापकाचा निर्णय, आणि शेवटी विरुद्ध कारणांना एकेक उत्तर. विषय, संशय, पूर्वपक्ष आणि सिद्धांत या क्रमाने चालणारे मीमांसेचे अधिकरण ज्याने पाहिले आहे त्याला ही मांडणी परकी वाटणार नाही. अशा पद्धतीत पूर्वपक्ष जितका बळकट तितकी सिद्धांताची शोभा अधिक, म्हणून अध्यापक स्वतःला अमान्य असलेली बाजूही पूर्ण ताकदीने मांडत. अडचण तेथेच होती, कारण पूर्वपक्ष बलवान करता करता कधी कधी असे दिसून येई की त्याला तर्काचे पुरेसे उत्तर नाही.

सर्वांत मोठी अडचण जगाच्या अनादित्वाची होती. ॲरिस्टॉटलच्या मते प्रत्येक गतीच्या आधी गती असतेच, कारण स्थिर असलेल्या वस्तूला हलवायला काही तरी बदलावे लागते, आणि बदल हीच एक गती. तेव्हा पहिली गती अशी काही असू शकत नाही आणि जगाला आरंभ नाही. बायबलचे पहिलेच वाक्य आरंभाविषयीचे आहे. फ्रान्सिस्कन पंथाचा बोनाव्हेंचर याचे म्हणणे असे की अनादी जग ही कल्पनाच आत्मविरोधी आहे: आजच्या दिवसाआधी अनंत दिवस गेले असतील तर ते ओलांडून आजचा दिवस उगवलाच नसता. डोमिनिकन पंथाचा थॉमस अक्वायनस याने हा युक्तिवाद नाकारला. त्याच्या मते जगाला आरंभ आहे हे श्रद्धेने कळते, तर्काने ते सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, आणि दुबळे पुरावे देऊन श्रद्धेचे समर्थन करणारे लोक अश्रद्धांना हसण्याची संधी देतात. (मीमांसकांनी वेदप्रामाण्य जपण्यासाठीच जगाच्या उत्पत्ती-प्रलयाची कल्पना नाकारली होती, म्हणजे धर्मग्रंथाचा पाठीराखा भारतात ज्या बाजूला उभा होता त्याच्या नेमक्या उलट बाजूला तो पॅरिसमध्ये होता. अनादित्व हे मुळात नास्तिकाचे मत आणि आरंभ हे आस्तिकाचे, असे काही नाही.)

दुसरा वाद बुद्धीविषयीचा होता. इब्न रुश्दच्या भाष्यावरून असा अर्थ निघे की विचार करणारी बुद्धी शरीरापासून वेगळी, अविनाशी आणि साऱ्या मानवजातीत मिळून एकच आहे. मग मृत्यूनंतर पापपुण्याचा हिशेब कोणाचा व्हायचा? थॉमसने १२७० साली या मताविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात धर्मवचनांचा आधार न घेता, ‘हा माणूस विचार करतो’ हा साधा अनुभव या मताने समजावता येत नाही, एवढ्याच मुद्द्यावर प्रतिपक्षाला गाठले. त्याचा रोख कलाशाखेच्या ज्या तरुण अध्यापकांवर होता त्यांत ब्राबांचा सिजेर हे नाव पुढे होते. सिजेरची भूमिका बहुधा अशी असे की आपण ॲरिस्टॉटलचा आशय सांगतो आहोत, तो खरा आहे असे म्हणत नाही. आणि पुढे त्याने हेही लिहिले की या प्रश्नावर आपल्या मनात दीर्घकाळ संशय आहे आणि अशा संशयात श्रद्धेला धरून राहावे. हे प्रामाणिक होते की सावध, हे त्याच्या काळातही ठरले नाही.

१० डिसेंबर १२७० रोजी पॅरिसचा बिशप एतियेन ताँपिए याने तेरा विधाने निषिद्ध ठरवली: सर्वांची बुद्धी एक आहे, जग अनादी आहे, पहिला माणूस असा कोणी नव्हता, ईश्वराला व्यक्तिगत वस्तूंचे ज्ञान नसते, इत्यादी. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, १ एप्रिल १२७२ रोजी, कलाशाखेने स्वतःच्याच सदस्यांसाठी एक नियम केला, आणि या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे कागद निवडायचे तर बिशपच्या याद्यांइतकेच त्याला स्थान द्यावे लागेल. नियम असा होता की कलाशाखेच्या कोणत्याही अध्यापकाने ईश्वराचे त्रिविध स्वरूप किंवा ख्रिस्ताचा अवतार यांसारख्या निव्वळ ईश्वरविद्येच्या प्रश्नाचा निर्णय करू नये, त्यावर वादही घालू नये. श्रद्धा आणि तत्त्वज्ञान या दोहोंना स्पर्श करणारा प्रश्न आला तर श्रद्धेच्या विरुद्ध निर्णय देऊ नये. आणि ग्रंथातच श्रद्धेविरुद्ध काही आले तर त्याचे खंडन करावे, ते असत्य आहे असे सांगावे किंवा तो भाग सोडून पुढे जावे. वरवर पाहता ही शरणागती आहे. पण ज्या नियमाने कलाशाखेला ईश्वरविद्येच्या अंगणात जाण्यास मनाई केली, त्याच नियमाने ‘हे आमचे अंगण’ अशी रेघही ओढली गेली, आणि त्या रेघेच्या आत काय म्हणता येते याचा विचार कोणीतरी करणे आता अपरिहार्य होते.

तो विचार डेन्मार्कहून आलेल्या बोएथियस या अध्यापकाने केला. जगाच्या अनादित्वावरच्या त्याच्या छोट्या ग्रंथाचे सूत्र असे आहे की कोणत्याही शास्त्राचा जाणकार आपल्या शास्त्राच्या मूलतत्त्वांवरूनच काही सिद्ध करू शकतो, मान्य करू शकतो किंवा नाकारू शकतो. निसर्गाचा अभ्यासक निसर्ग हे कारण धरून चालतो, आणि निसर्ग कोणतीही नवी गती आधीच्या गतीशिवाय निर्माण करू शकत नाही. म्हणून पहिली गती मान्य करणे म्हणजे आपल्या शास्त्राचा पायाच उखडणे, आणि ते तो निसर्ग-अभ्यासक या नात्याने करू शकत नाही. मेलेला माणूस पुन्हा तोच माणूस म्हणून उठतो हेही त्याला त्याच नात्याने मान्य करता येणार नाही. मात्र जगाला आरंभ आहे आणि मृतांचे पुनरुत्थान होते असे म्हणणारा ख्रिस्ती माणूस निसर्गाहून श्रेष्ठ कारण धरून बोलतो आणि निरपेक्ष अर्थाने सत्य बोलतो. या दोघांत विरोध नाही, कारण एकजण ‘निसर्गकारणांपुरते’ ही अट लावून बोलतो आहे आणि दुसरा अटीशिवाय. आणि अटीसह केलेले विधान व अटीशिवाय केलेला त्याचा निषेध हे एकमेकांना खोडत नाहीत, हा कलाशाखेतल्या विद्यार्थ्याच्या सुरुवातीच्या तर्कपाठांतला धडा होता. सत्य दोन आहेत असे बोएथियस कोठेही म्हणत नाही. निरपेक्ष सत्य एकच, आणि ते श्रद्धेचे, हे तो स्पष्ट सांगतो. त्याने वेगळे केले आहे ते ‘सत्य’ आणि ‘शास्त्रानुसार सिद्ध’.

मराठी वाचकाला येथे शांकर वेदान्तातल्या पारमार्थिक आणि व्यावहारिक सत्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे, परंतु साम्य मर्यादित आहे. वेदान्तात भेद सत्तेच्या पातळ्यांचा आहे आणि वरच्या पातळीचे ज्ञान झाले की खालची पातळी बाधित होते, स्वप्न जागेपणी बाधित व्हावे तशी. बोएथियसला सत्तेच्या दोन पातळ्या मान्य नाहीत. निसर्ग त्याच्यासाठी पूर्ण खरा आहे, आणि ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारल्याने निसर्गशास्त्राचा एकही निष्कर्ष बाधित होत नाही, फक्त त्याची अट उघड होते. भेद आहे तो बोलणाऱ्याच्या भूमिकेत. म्हणूनच ही कल्पना विद्यापीठात जन्मली हे महत्त्वाचे वाटते, कारण एकाच इमारतीत वेगवेगळ्या गृहीतकांवर चालणारे वर्ग जेथे भरतात, तेथेच ‘मी या वर्गात कोणत्या नात्याने बोलतो आहे’ हा प्रश्न रोजच्या कामाचा होतो.

पोप एकविसावा जॉन, जो मूळचा पोर्तुगीज होता, याने १८ जानेवारी १२७७च्या पत्राने ताँपिएला पॅरिसमध्ये पसरलेल्या चुकीच्या मतांची चौकशी करण्यास सांगितले. ताँपिएने सोळा ईश्वरविद्यावेत्त्यांची समिती बसवली, जिच्यात गेंटचा हेन्री होता, आणि ७ मार्च रोजी २१९ विधानांची निषेधयादी जाहीर केली. जो कोणी ही मते शिकवील, किंवा ऐकून सात दिवसांच्या आत बिशपला वा चॅन्सेलरला कळवणार नाही, तो धर्मबहिष्कृत होणार होता. यादी घाईने तयार झाल्याच्या खुणा तिच्यावर स्पष्ट आहेत: विधानांना क्रम नाही, काही परस्परविरोधी आहेत, काहींचा कर्ता आजही सापडत नाही, आणि काही खुद्द थॉमस अक्वायनसच्या शिकवणीला लागू पडतात, जो बरोबर तीन वर्षांपूर्वी, ७ मार्च १२७४ला, वारला होता. (त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या अस्थी पॅरिसला मिळाव्यात म्हणून डोमिनिकनांना पत्र लिहिले ते ईश्वरविद्येच्या शाखेने नव्हे, कलाशाखेने.) तत्त्वचिंतनाला वाहिलेल्या जीवनाहून श्रेष्ठ जीवन नाही, ईश्वरविद्येतली वचने दंतकथांवर आधारलेली आहेत, अशीही विधाने यादीत आहेत, आणि ती कोणा ग्रंथातून घेतली की चावडीवरच्या गप्पांतून, हे सांगणे कठीण.

यादीच्या प्रस्तावनेत बिशपने तो प्रसिद्ध आरोप केला: हे लोक असे बोलतात की जणू एक गोष्ट तत्त्वज्ञानानुसार खरी आणि श्रद्धेनुसार खोटी असू शकते, जणू परस्परविरोधी अशी दोन सत्ये आहेत. ‘दुहेरी सत्य’ हा शब्दप्रयोग येथून इतिहासात आला, आणि कित्येक शतके इब्न रुश्द व त्याच्या लॅटिन अनुयायांच्या माथी मारला गेला. यात एक मोठीच विसंगती आहे. श्रद्धा आणि तत्त्वज्ञान यांच्या संबंधावर इब्न रुश्दने स्वतंत्र ग्रंथ लिहिला असून त्यात सत्य सत्याच्या विरोधात जाऊ शकत नाही ही भूमिका ठामपणे मांडली आहे. मात्र मध्ययुगीन पॅरिसला तो ग्रंथ लॅटिनमध्ये उपलब्ध नव्हता. पॅरिसच्या अध्यापकांपैकीही दोन सत्ये मानणारा कोणी दाखवता आलेला नाही. यादीतले नव्वदावे विधान बोएथियसचेच, पण त्यात निसर्ग-अभ्यासकाने जगाचा आरंभ ‘निरपेक्षपणे’ नाकारावा असे लिहिले आहे, आणि बोएथियसचा सारा खटाटोप ‘निरपेक्षपणे’ हा शब्द त्या ठिकाणी येऊ नये यासाठी होता. हे पडताळून पाहणे शक्य झाले ते फार उशिरा, गेझा सायो या हंगेरियन अभ्यासकाने १९५४ साली बुडापेस्टमध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध केल्यावर. आणि गमतीचा भाग असा की खुद्द सायोनेही आरंभी त्यात दुहेरी सत्यच वाचले. पावणेसातशे वर्षांच्या आरोपाचा तेवढा पगडा होताच.

तरीही ताँपिएला केवळ अडाणी ठरवून मोकळे होणे न्यायाचे नाही. त्याच्या समितीने शब्द बदलला हे खरे, पण तिची शंका पोकळ नव्हती. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यासमोर वर्षभर अनादी जगाचे पुरावे द्यायचे, ते अकाट्य आहेत असे दाखवायचे, आणि शेवटी ‘श्रद्धा वेगळे सांगते आणि तेच खरे’ असे एक वाक्य जोडायचे, तर विद्यार्थ्याच्या मनात काय उरेल, हा प्रश्न कोणत्याही शिक्षकाला टाळता येण्यासारखा नाही. शिवाय बोएथियसच्या उत्तरात एक खरी तत्त्वज्ञानविषयक उणीव आहे: निसर्गशास्त्राची मूलतत्त्वे अपुरी आहेत हे ज्याला निसर्गशास्त्राबाहेरून कळले आहे, त्याने ती मूलतत्त्वे तरीही का स्वीकारावीत, याचे त्याने दिलेले उत्तर फार तर ‘शास्त्राची शिस्त म्हणून’ एवढेच आहे. थॉमसचा मार्ग या ठिकाणी अधिक पक्का होता, कारण त्याच्या मते ॲरिस्टॉटलचा अनादित्वाचा पुरावा पुरावाच नव्हता. तर्क नीट चालवला तर तो श्रद्धेच्या विरोधात जाऊन थांबतच नाही. मात्र या पक्केपणाची किंमत अशी की प्रत्येक विरोधाच्या प्रसंगी शास्त्रातच चूक शोधावी लागते, आणि चूक न सापडली तर ती आहे असे गृहीत धरावे लागते. बोएथियसच्या मार्गाने शास्त्राला आपली चूक नसतानाही अपुरे असण्याची मुभा मिळते. या दोहोंत दुसरी भूमिका तर्कदृष्ट्या अधिक अस्वस्थ करणारी आहे, आणि अभ्यासकाच्या रोजच्या कामाला अधिक उपयोगी.

निषेधाचा माणसांवरचा परिणाम लवकर दिसला. सिजेरला फ्रान्सच्या धर्मन्यायाधीशाने १२७६च्या नोव्हेंबरमध्येच बोलावणे धाडले होते. तो त्याआधीच पॅरिस सोडून गेला होता, आणि काही वर्षांतच इटलीत ओर्व्हिएतो येथे त्याच्याच लेखनिकाच्या हातून मारला गेला. कवी दांतेने आपल्या काव्यात मात्र त्याला स्वर्गात स्थान दिले, आणि त्याची ओळख करून देण्याचे काम थॉमस अक्वायनसकडे सोपवले. कलाशाखेचे वर्ग जेथे भरत आणि विद्यार्थी जेथे गवताच्या पेंढ्यांवर बसत त्या ‘गवताच्या गल्ली’चाही दांते तेथे उल्लेख करतो, ती गल्ली आजच्या पॅरिसमध्ये शिल्लक आहे आणि तिला लागूनच दांतेच्या नावाचा रस्ता आहे.

विचारांवरचा परिणाम मात्र वेगळ्याच दिशेने गेला. निषिद्ध विधानांत अशी बरीच होती की ईश्वर अमुक करू शकत नाही: तो अनेक जगे निर्माण करू शकत नाही, तो साऱ्या आकाशगोलाला सरळ रेषेत हलवू शकत नाही कारण मागे पोकळी राहील. ही विधाने निषिद्ध, म्हणजे ईश्वर ती कृत्ये करू शकतो असे मानणे आता बंधनकारक. आणि तो करू शकतो तर ती कृत्ये विचारात आणण्यासारखी आहेत, मग ॲरिस्टॉटल काहीही म्हणो. फ्रेंच पदार्थवैज्ञानिक आणि इतिहासकार पिएर दुएम (१८६१–१९१६) याने यावरून आधुनिक विज्ञानाचा जन्म १२७७च्या निषेधातच शोधला. हे फारच ताणलेले आहे, आणि अलेक्झांद्र कॉयरे याच्यासारख्या नंतरच्या इतिहासकारांनी ते स्वीकारलेले नाही. पोकळीची कल्पना करणे आणि पोकळीतली गती मोजणे यांत तीनशे वर्षांचे अंतर आहे. पण बंदीने कल्पनेला मोकळी वाट दिली, एवढा त्यातला अंश नाकारता येत नाही.

त्याचा सर्वांत बोलका साक्षीदार झाँ ब्युरिदाँ हा आहे. दोनदा रेक्टर झालेला हा अध्यापक चौदाव्या शतकात जन्मभर कलाशाखेतच राहिला, ईश्वरविद्येच्या वरच्या वर्गात गेला नाही, आणि ते त्या काळी असाधारण होते. ॲरिस्टॉटलच्या निसर्गग्रंथावरच्या प्रश्नांत पोकळीचा विषय आला तेव्हा ईश्वरविद्येच्या काही अध्यापकांनी आपल्याला दोष दिला, की या प्रश्नात हा आमचे विषय मिसळतो, असे तो नोंदवतो. आणि त्यावर त्याचे उत्तर असे की कलाशाखेत अध्यापक होताना आपण शपथ घेतली आहे, श्रद्धेला स्पर्श करणारा प्रश्न आला तर त्याचा निर्णय श्रद्धेच्या बाजूने करायचा आणि विरुद्ध कारणांचे खंडन करायचे, आणि विषयाला हात न लावता खंडन करता येत नाही. १२७२चा नियम कलाशाखेला ईश्वरविद्येपासून दूर ठेवण्यासाठी होता. सत्तर-ऐंशी वर्षांत त्याच नियमाचा आधार घेऊन कलाशाखेचा अध्यापक ईश्वराच्या सामर्थ्यावर बोलत होता. त्याचाच धाकटा समकालीन निकोल ओरेम, जो पुढे लिझ्यूचा बिशप झाला, याने १३७७ साली फ्रेंचमध्ये लिहिलेल्या भाष्यात अनेक जगे आणि जगाबाहेरची पोकळी शक्य मानली, पृथ्वी फिरते की आकाश हे अनुभवाने वा तर्काने ठरवता येत नाही हे बारकाईने दाखवले, आणि शेवटी पृथ्वी स्थिर असल्याचेच मत स्वीकारले. तर्काने निर्णय होत नाही हे दाखवून श्रद्धेच्या बाजूने उभे राहण्याची ही रीत बोएथियसला परकी वाटली नसती.

दरम्यान थॉमस १३२३ साली संत ठरला, आणि १३२५ साली पॅरिसच्या तत्कालीन बिशपने ताँपिएचा निषेध थॉमसच्या शिकवणीला लागू होत असेल तेवढ्यापुरता मागे घेतला. कलाशाखेच्या अध्यापकांसाठी कोणी असे काही केले नाही. पुढच्या दोन शतकांत कलाशाखेचे शिक्षण कॉलेजांमध्ये विभागले गेले, तिचे सामूहिक वजन घटले, आणि रोबेर द सोर्बाँने १२५७च्या सुमारास ईश्वरविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या कॉलेजाचे ‘सॉर्बन’ हे नाव ग्रंथांना मान्यता देणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या ईश्वरविद्याशाखेचे नाव म्हणून युरोपला परिचित झाले. ज्या संस्थेत एका शाखेने दुसरीपासून स्वतःची मोकळीक राखली होती, तिच्यात आता एकच शाखा बोलत होती. १५१३ साली लॅटरन येथे भरलेल्या धर्मपरिषदेने आणखी पुढचे पाऊल टाकले: आत्म्याच्या नश्वरतेचे युक्तिवाद शिकवावे लागले तर विद्यापीठांतल्या तत्त्वज्ञांनी आपली सारी शक्ती लावून ते खोडून काढावेत. १२७२च्या नियमात असलेली ‘तो भाग सोडून पुढे जावे’ ही पळवाटही आता उरली नाही.

या आदेशाचा उल्लेख १६४१ साली अनपेक्षित ठिकाणी सापडतो. रने देकार्तने पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मेडिटेशन्स’ या आपल्या ग्रंथाला जोडलेले अर्पणपत्र सॉर्बनच्या ईश्वरविद्याशाखेचे अधिष्ठाते आणि विद्वान यांना उद्देशून आहे, आणि त्यात तो म्हणतो की लॅटरनच्या परिषदेने ख्रिस्ती तत्त्वज्ञांना जे करायला सांगितले तेच आपण करतो आहोत, ईश्वर आणि आत्मा हे विषय ईश्वरविद्येपेक्षा तत्त्वज्ञानाने सिद्ध करण्याचे आहेत. म्हणजे ज्या प्रश्नाला कलाशाखेच्या अध्यापकाने जपून हात लावायचा होता तोच आता तत्त्वज्ञाचा खास प्रश्न ठरला होता, आणि तोही चर्चच्याच आज्ञेने. त्या आवृत्तीच्या शीर्षकपृष्ठावर विद्वानांची मान्यता असल्याचे छापले होते; पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीतून ते शब्द काढून टाकलेले दिसतात, आणि १६६३ साली देकार्तचे ग्रंथ रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत दाखल झाले.